निकॉन २००-५००: पुण्याच्या पूर्वेकडची लेन्स

पुण्यात पक्ष्यांचे फोटो काढायला लागलेला माणूस वर्षभरात ज्या लेन्सपाशी येऊन थांबतो ती म्हणजे निकॉनची एएफ-एस २००-५०० एमएम एफ ५.६ व्हीआर (व्हीआर म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय). २०१५ साली ती आली तेव्हा पूर्ण झूमभर एफ ५.६ (हा अ‍ॅपर्चरचा, म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राचा आकडा) देणारी आणि नोकरदाराला परवडणारी ५०० एमएम लेन्स निकॉनकडे दुसरी नव्हती. आज मिररलेसच्या, म्हणजे आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांच्या लेन्स आल्या आहेत. तरी डीएसएलआर वापरणाऱ्यासाठी सेकंडहँड बाजारात पैशाचं इतकं मोल देणारी दुसरी लेन्स मला दिसत नाही. एक अट मात्र आहे. पुण्याच्या पूर्वेला कवडीपाट, सुपे, भिगवण अशा उघड्या जागी फिरणार असाल तर ती जीव लावावा अशी लेन्स आहे. पश्चिमेला, सिंहगडाच्या पायथ्याच्या गर्द झाडीत तुमच्या बहुतेक सकाळी जाणार असतील तर घेण्याआधी पुढचं सगळं नीट वाचा.

आधी ती कुठल्या कॅमेऱ्यावर चालते ते पाहू, कारण जुनी बॉडी हाताशी असलेले इथंच फसतात. ही ‘ई’ प्रकारची लेन्स आहे, म्हणजे तिचं अ‍ॅपर्चर बॉडीतल्या दांडीनं हलत नाही, विजेनं चालतं. डी९०, डी८०, डी२००, डी३००० या बॉडींना ते चालवता येत नाही. लेन्स बसते, फोटोही निघतो, पण अ‍ॅपर्चर कायम एफ ५.६ वर उघडंच राहतं. डी५६००, डी७२००, डी७५००, डी५०० यांवर काहीच अडचण नाही. फोकसची मोटर लेन्समध्येच असल्यानं डी५६०० सारख्या छोट्या बॉडीवरही ऑटोफोकस मिळतो. निकॉनच्या मिररलेस झेड मालिकेच्या बॉडीवर एफटीझेड अ‍ॅडॉप्टर लावून ती पूर्णपणे चालते. झेड८ किंवा झेड६ थ्री वर तर पक्षी ओळखून डोळ्यावर फोकस धरण्याची सोयही या जुन्या लेन्सला मिळते.

वजन ट्रायपॉड कॉलरसह (लेन्स ट्रायपॉडला जोडायची पाय असलेली कडी) २,३०० ग्रॅम. कॉलर काढली तर २,०९०. डी५०० जोडली की एकूण सव्वातीन किलोच्या जरा खाली. हातात धरून काम होतं, फक्त सलग दहा मिनिटं डोळ्याला लावून बसता येत नाही. ५०० वर नेली की पुढची नळी बाहेर येते आणि भार पुढं सरकतो, म्हणून डावा हात झूम रिंगच्या पुढच्या कडेपाशी ठेवावा आणि कोपर छातीला टेकवावं. लेन्स लावलेला कॅमेरा बॉडीच्या पट्ट्यानं गळ्यात अडकवू नका, सगळा ताण माउंटवर येतो. उचलताना कॉलरचा पाय धरा. हातानं फोटो काढत असाल तेव्हा कॉलर फिरवून पाय वर घ्या, म्हणजे तळवा सपाट बसतो आणि चालताना तोच मुठीत धरता येतो.

हा पाय या लेन्सचा सगळ्यात कच्चा भाग आहे. तो ट्रायपॉडच्या डोक्यात थेट सरकणाऱ्या आर्का-स्विस खाचेचा नाही, त्यामुळे वेगळी प्लेट स्क्रूनं बसवावी लागते. प्लेट निदान ७० मिलिमीटर लांब आणि मागे कड असलेली घ्या, नाहीतर लेन्स तिच्यावर गरकन फिरते. शिवाय पाय उंच आणि जरा लवचीक आहे. शटर १/१२५ पेक्षा खाली गेलं की ट्रायपॉडवरसुद्धा थरथर दिसते, आणि दोष व्हीआरला किंवा काचेला दिला जातो. आर्का खाचेचा बुटका बदली पाय मिळतो. लेन्सनंतरचा पहिला खर्च त्याच्यावर करावा. हूडचीही खात्री धरू नका. प्लॅस्टिकच्या खुंट्या झिजल्या की तो गाडीतून उतरताना निसटतो. एक चिकटपट्टी लावून टाकली की विषय संपला.

आता आकडे, कारण पक्षी किती जवळ हवा हे लेन्स घेण्याआधीच कळलं पाहिजे. डी५०० किंवा डी७२०० सारख्या डीएक्स (फुल फ्रेमहून लहान) सेन्सरवर ५०० एमएमला १० मीटर अंतरावर चौकटीत साधारण ४७ सेंटिमीटर रुंद आणि ३१ सेंटिमीटर उंच जागा मावते. वेडा राघू शेपटीच्या तारा सोडून १६ ते १८ सेंटिमीटरचा. म्हणजे १० मीटरवर तो चौकटीचा एक तृतीयांशाहून थोडा जास्त भाग व्यापतो. हे उत्तम अंतर. २० मीटरवर तोच पक्षी निम्मा होतो. मग निम्म्या रुंदीपर्यंत क्रॉप करायचं ठरवलं तर डी५०० च्या २०.९ मेगापिक्सेलमधले जेमतेम पाच उरतात. फोनवर दाखवायला पुरतात, छापायला नाही. फोकसची खोली एफ ५.६ वर १० मीटरला साधारण ९ सेंटिमीटर आणि ५ मीटरला जेमतेम २ सेंटिमीटर. चोच तीक्ष्ण आणि डोळा मऊ असा फोटो आला की समजावं, फोकसचा बिंदू डोळ्यावर नव्हता. लेन्सची त्यात चूक नाही.

कवडीपाटला या लेन्सचं खरं रूप दिसतं. सोलापूर रस्त्यानं लोणी काळभोरच्या अलीकडे मुळा-मुठेवरच्या जुन्या बंधाऱ्याशी हिवाळ्यात पहाटे पोचलं की शेकाट्या, धोबी, हळदीकुंकू बदकं, नदी सुरय, चक्रवाक हे सगळे एका ठिकाणी मिळतात. नदीचं पाणी शहरातून आलेलं आहे, फेस आणि वास दोन्ही असतात. पक्ष्यांना माणसांची सवय असल्यानं ते २०-२५ मीटरवर निवांत चरत राहतात. काठावर बसून, गुडघ्यावर कोपर टेकवून, लेन्स शक्य तितकी खाली आणून फोटो घ्या. उभ्यानं काढलेला शेकाट्या चिखलावर चिकटवल्यासारखा दिसतो. बसून काढला की त्याच्या मागचं पाणी दूर जातं आणि ५०० एमएम ते पाणी सुरेख विरघळवते. सूर्य उगवून तासभर झाला आणि ऊन पडलं की एफ ५.६ वर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० ला १/२००० च्या आसपास शटर मिळतं आणि ऊन चढेल तसा आयएसओ उतरवता येतो. बगळे, चमचे अशा पांढऱ्या पक्ष्यांसाठी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्यानं ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) -०.७ ठेवा. गडद पाण्यापुढं कॅमेरा दृश्य उजळवायला जातो आणि पिसांचा तपशील कायमचा जळतो. नंतर सॉफ्टवेअरमध्ये तो परत येत नाही.

भिगवणला प्रश्न वेगळा. उजनीच्या पाणलोटात जानेवारीनंतर पाणी उतरायला लागतं, उथळ जागा उघड्या पडतात आणि रोहित (फ्लेमिंगो) तिथं चरायला येतात. कुंभारगाव, डिकसळच्या बाजूनं मच्छीमारांच्या बोटीतून जायचं असतं. बोटीत ट्रायपॉड लावू नका. इंजिनची थरथर पायातून थेट लेन्समध्ये चढते आणि पाण्याच्या हेलकाव्यानं चौकटही धरता येत नाही. बोटीच्या कडेवर लेन्स टेकवणंही त्याच कारणानं टाळा. फळीवर बसून हातातच धरा, व्हीआर चालू ठेवा आणि स्विच ‘स्पोर्ट’ वर. ‘नॉर्मल’ मध्ये उडणाऱ्या पक्ष्यामागे लेन्स फिरवताना व्ह्यूफाइंडरमधलं चित्र अडखळत सरकतं, ‘स्पोर्ट’ मध्ये ते हाताबरोबर राहतं. नावाड्याला आधीच सांगून ठेवा की थवा दिसला की इंजिन बंद करून बांबूनं बोट ढकलायची.

इथं लेन्सचा पल्ला पुरत नाही अशी तक्रार ऐकू येते. ती मला मान्य नाही. ५० मीटरवरून डीएक्स चौकटीची लांब बाजू २.३५ मीटर धरते. रोहित सव्वा मीटरच्या आसपास उंच. कॅमेरा उभा धरला की एकटा पक्षी चौकटीच्या निम्म्याहून जास्त उंचीचा येतो. याहून जवळ जायची गरज फोटोला नसते, हौसेला असते. थव्यातल्या सगळ्या माना एकदम वर आल्या आणि पक्षी एकाच दिशेनं चालायला लागले की तिथंच थांबायचं. अजून पुढं गेलात तर थवा उठणार. उठलेल्या थव्याचा फोटो मिळतो, पण त्या पक्ष्यांचं खाणं तुटतं, आणि सकाळभर बोटीमागून बोट हेच करत राहिली तर त्यांना पोट भरायला वेळ उरत नाही. नावाडी स्वतःहून थवा उठवायला निघाला तर त्याला नको म्हणणं हे कॅमेरेवाल्याचं काम आहे.

सुपे, मोरगाव, सासवड या पट्ट्यातल्या माळरानांवर हीच लेन्स गाडीतून वापरायची. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ सालचं, क्षेत्र ५.१४ चौरस किलोमीटर, मुख्यतः चिंकारासाठी राखलेलं. पक्षी छायाचित्रकाराला इथं धाविक, पखुर्डी, चंडोल आणि हिवाळ्यात भोवत्ये यांचं आकर्षण. माळावर पायी चालत गेलात तर धाविक तुमच्या पुढं पुढं पळत राहतो. गाडीला मात्र तो बऱ्याचदा १५ मीटरपर्यंत येऊ देतो, आणि तेवढ्या अंतरावर तो चौकटीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग व्यापतो. गाडी चाकोरीतच ठेवा. टिटवी, चंडोल, धाविक, पखुर्डी हे सगळे जमिनीवरच अंडी घालतात आणि ती मातीच्या रंगाची असतात. चाकाखाली आलेली कळतही नाहीत.

गाडीत बीनबॅग हवीच. खिडकीच्या दोन्ही बाजूंना लोंबणारी, खोगिरासारखी पिशवी घ्या आणि तिच्यात दीड ते दोन किलो तांदूळ किंवा वाटाणे भरा. थर्मोकोलच्या गोळ्या हलक्या म्हणून लोक भरतात, पण तीन किलोचा भार पडला की त्या बाजूला सरकतात आणि लेन्स दाराच्या पत्र्यावर येऊन टेकते. काच पूर्ण खाली घ्या. अर्धी वर ठेवून तिच्या कडेवर भार दिला तर काच खाली-वर करणारी यंत्रणा बिघडते. पिशवी तोंडोतोंड भरू नका, एक चतुर्थांश रिकामी ठेवली तरच लेन्स तिच्यात रुतून बसते. कॉलरचा पाय इथं वर फिरवायचा. पावसाळ्यात धान्य काढून पिशवी रिकामी ठेवा, नाहीतर पोरकिडे होतात.

इंजिन बंद करा, एसीही बंद करा. थंड गाडीच्या खिडकीतून बाहेरच्या गरम हवेत लेन्स रोखली की दोन तापमानांची हवा नेमकी काचेपुढं मिसळते आणि चित्र मऊ पडतं. तापलेल्या बॉनेटवरून समोर नेम धरला तरी तेच. माळावरची मोठी अडचण तर साडेनऊ-दहानंतर सुरू होते. जमीन तापली की तिच्यालगतची हवा उकळत्या पाण्यासारखी हलायला लागते. ४० मीटरवरच्या पखुर्डीचे दहा फोटो काढले तर दहाही वेगवेगळे वाकडे निघतात. नवखा माणूस तेव्हा फोकस तपासतो, व्हीआर बंद-चालू करतो, लेन्स सर्व्हिसला टाकतो. त्यातल्या कशानंही फरक पडत नाही, कारण बिघाड लेन्सच्या बाहेर आहे. उपाय दोनच, अंतर कमी करा नाहीतर सकाळी लवकर या. १० मीटरवर हा त्रास जवळजवळ जाणवत नाही.

आता पश्चिम. सिंहगडाच्या पायथ्याला ओढ्याकाठच्या झाडीत टिकेलचा माशीमार, स्वर्गीय नर्तक, नारिंगी डोक्याचा कस्तूर असे एकाहून एक देखणे पक्षी आहेत, आणि सगळे सावलीत. तिथं एफ ५.६ ची मर्यादा लगेच कळते. गडद सावलीत १/२५० मिळवायला आयएसओ १६०० ते ३२०० लागतो, ढगाळ दिवशी त्याहून वर. डी५०० वर ३२०० पर्यंतचा फोटो नॉइज काढून चांगला उभा राहतो, डी५६०० वर पिसांचा पोत जायला लागतो. अशा वेळी व्हीआर उपयोगी पडतो. निकॉन तो ४.५ स्टॉपचा सांगते (एक स्टॉप म्हणजे शटर दुप्पट हळू). माशीमार फांदीवर शांत बसलेला असेल तर बीनबॅग किंवा मोनोपॉडवर १/१२५ ला सुद्धा तीक्ष्ण फोटो निघतात. बटण अर्धं दाबून चित्र स्थिर होईपर्यंत क्षणभर थांबा आणि मग तीन-चारच्या छोट्या झडी घ्या. व्हीआर हाताची थरथर थांबवतो, पक्ष्याची नाही. शेपटी उडवणाऱ्या नर्तकाला १/५०० च्या खाली चांगलं यश मिळत नाही.

झाडीत फोकसही चाचपडतो. पक्षी सोडून पुढच्या फांदीवर गेला की लेन्स थेट २.२ मीटरपासून अनंतापर्यंत प्रवास करते आणि परत येते. तेवढ्यात पक्षी गेलेला असतो. लेन्सवर फोकस मर्यादेचा स्विच आहे, ‘फुल’ आणि ‘अनंत ते ६ मीटर’. पक्षी ६ मीटरच्या पलीकडे असेल तर दुसरी जागा निवडा, शोधाशोध बरीच कमी होते. कवडी, भिगवण, सुपे इथं तर तो कायम तिथंच असावा. पाण्याच्या टाक्यासमोर बांधलेल्या हाईडमध्ये (लपून बसायच्या आडोशात) मात्र पक्षी ४-५ मीटरवर येतात. तिथं ‘फुल’ वर न्यायला विसरलात तर लेन्स फोकस धरायलाच नकार देते, आणि बिघडली असं वाटून माणूस घाबरतो. हाईडमध्ये झूमचा खरा फायदा कळतो. कस्तूर आंघोळीला उतरला की ३०० वर येऊन उडालेल्या पाण्यासकट अख्खा प्रसंग चौकटीत घेता येतो, जे ५०० एमएमच्या प्राइम (झूम नसलेल्या) लेन्सला जमत नाही.

उडत्या पक्ष्यांसाठी ही लेन्स मध्यम वेगाची आहे. घारी, बगळे, चित्रबलाक, कापशी यांच्यामागे ती आरामात लागते. अंगावर येणारी पाकोळी किंवा सूर मारणारा सुरय पकडायला तिला वेळ लागतो. फोकस आधीच पक्ष्याच्या अंतराजवळ आणून ठेवणं हाच त्यावरचा उपाय. पाण्यावरची काठी, समोरची फांदी यांवर फोकस धरून थांबा. झूम रिंगचा फिराव लांब आहे, २०० वरून ५०० वर एका हिसक्यात जाता येत नाही, मनगट दुसऱ्यांदा वळवावं लागतं. म्हणून उडता पक्षी शोधताना ३५०-४०० वर राहा, सापडला की पुढं जा. आकाशाच्या पार्श्वभूमीवर कॉम्पेन्सेशन +१, नाहीतर पोट काळं येतं. आणि ५०० ला एफ ५.६ वरच लेन्स चांगली तीक्ष्ण आहे. उजेड मुबलक असेल तर ६.३ किंवा ७.१ वर थोडी आणखी सुधारते, पण त्यासाठी शटर सोडू नका.

डीएसएलआरवर एक काम केल्याशिवाय या लेन्सबद्दल मत बनवू नये, ते म्हणजे एएफ फाइन ट्यून. बॉडी आणि लेन्स दोन्ही निर्दोष असूनही जोडीत फोकस थोडा पुढं किंवा मागं पडू शकतो, आणि १० मीटरला ९ सेंटिमीटर खोली असताना दोन-तीन सेंटिमीटरची चूकही भोवते. ट्रायपॉडवर ५०० एमएम, एफ ५.६, व्हीआर बंद. १२ मीटरवर छापील अक्षरांचा सपाट कागद आणि त्याच्या शेजारी तिरकी पट्टी. लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस करून एक फोटो, मग व्ह्यूफाइंडरनं फोकस करून पाच-सहा, प्रत्येक वेळी आधी फोकस मुद्दाम हलवून. दोन्हींत फरक दिसला तर मेनूतला आकडा पाच-पाचनं बदलून पाहा. डी५०० मध्ये हे आपोआप करायची सोय आहे. डी५६०० मध्ये फाइन ट्यून मुळातच नाही, त्यामुळे ती बॉडी असेल तर लेन्स घेतानाच तिच्यावर लावून तपासा. मिररलेसवर ही भानगड उरत नाही.

१.४ चा टेलिकन्व्हर्टर (पल्ला वाढवणारी जोडकाच) लावावा का, तर माझं उत्तर नाही. ७०० एमएम एफ ८ होतं, आणि डी७२०० वर फोकससाठी फक्त मधला बिंदू उरतो, डी५०० वर मोजकेच. तीक्ष्णपणाही जातो. मिळालेला पल्ला क्रॉपपेक्षा फारसा सरस निघत नाही.

पुण्याचा पावसाळा या लेन्सला मानवत नाही. झूम केल्यावर नळी बाहेर येते तेव्हा ती बाहेरची हवा आत ओढते, दमट असो की धुळीची. भिजलेली लेन्स पुसून, पूर्ण बाहेर काढून पंख्याखाली वाळवा, मगच आत घ्या. ड्राय कॅबिनेटमध्ये आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवा. ते नसेल तर घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक पुरतो. कॅमेऱ्याच्या स्पंजवाल्या बॅगेत जून ते सप्टेंबर लेन्स ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण.

नवी खरेदी आणि मिररलेस बॉडी असेल तर २०२३ ची निकॉन झेड १८०-६०० घ्या. तिची नळी बाहेर येत नाही, झूम रिंग थोड्याशा फिरावात पुरी होते, पल्ला शंभर एमएमनं जास्त आणि वजन कॉलरसह २,१४० ग्रॅम. ६०० ला ती एफ ६.३ होते, म्हणजे सिंहगडाच्या झाडीतला प्रश्न तीही सोडवत नाही. डीएसएलआरवर ती लागत नाही, म्हणून तिथं २००-५०० च.

सेकंडहँड घेताना अंधाऱ्या खोलीत लेन्स ५०० वर नेऊन एका बाजूनं टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूनं बघा. चार धुळीचे कण चालतील, जाळीसारखे तंतू दिसले तर सोडून द्या. झूम दोन्ही दिशांना फिरवा, मध्ये कुठं अडकली किंवा कचकच आली तर आत माती आहे. बॉडीवर लावून एएफ-सी (सतत फोकस) मध्ये २०० वर फोकस धरा, झूम ५०० पर्यंत न्या आणि पुन्हा फोकस होतो का पाहा. सुरुवातीच्या काही लेन्समध्ये इथं ऑटोफोकस बंद पडायचा, निकॉननं तो फर्मवेअरनं दुरुस्त केला, पण जुनी लेन्स दुरुस्तीला गेलीच असेल असं नाही. व्हीआर चालू-बंद करून व्ह्यूफाइंडरमधलं चित्र स्थिर होतं का बघा, तो खराब असेल तर चित्र उडी मारतं किंवा एका बाजूला ओघळतं. शेवटी एफ ११ वर एक फोटो काढा. तो एफ ५.६ च्या फोटोइतकाच उजळ येतोय पण शटर मात्र दोन स्टॉप हळू झालंय ना, हे पडताळा. शटर हळू होऊनही फोटो जास्त उजळ आला तर अ‍ॅपर्चरची पाती हलत नाहीत, आणि ती दुरुस्ती स्वस्त नसते.